डिस्ट्रिब्यूटर फिरवण्याआधी

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी जीप ओढत नसेल, चढावर तापत असेल, सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील, तर मिस्त्रीचा हात आपसूक डिस्ट्रिब्यूटरकडे जातो. क्लॅम्प सैल करायचा, जरा पुढे-मागे फिरवायचं, आवाज सुधारला की आवळायचं. माझं म्हणणं असं, की टायमिंग मागे पडणं हा बहुधा कशाचा तरी परिणाम असतो आणि असं फिरवल्यानं कारणाचा मागच पुसला जातो. साधी गोष्ट पॉइंटची. गॅप 0.020 इंच हवा. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी मागे पडते. ती फिरवून पुढे आणता येते, गॅप मात्र कमीच राहतो.

खरी फसगत चेनची आहे. या इंजिनात कॅमशाफ्ट चेननं फिरतो आणि डिस्ट्रिब्यूटरला गती त्या कॅमकडूनच, ऑइल पंपामार्फत मिळते. चेन ताणली की व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही एकदम मागे पडतात. फ्लायव्हीलवरची खूण बघून ठिणगी पुन्हा ठरलेल्या 5 अंशांवर आणली, की टायमिंग लाइट सगळं ठीक दाखवते. व्हॉल्व्ह उशिराच उघडत-मिटत राहतात. म्हणून आधी कॅप काढावी, क्रँक हातानं मागे-पुढे हलवावा आणि रोटर किती उशिरा हलतो ते पाहावं. (लाइट 12 व्होल्टची असेल तर तिला वेगळी बॅटरी लागते, ही गाडी 6 व्होल्टची.)

जुने मिस्त्री कानानंच टायमिंग लावत आणि गाड्या धावत, असं कोणी म्हणेल. धावत, खरंच. पण आयडलिंगला ठिणगी पुढे घेतली की इंजिनाचा वेग वाढतो, कानाला ते गोड लागतं. वेगाबरोबर ठिणगी पुढे नेणारी डिस्ट्रिब्यूटरमधली सेंट्रिफ्यूगल वजनं अडकलीत का, हे तिथे कळतच नाही. शिवाय ठिणगी फार पुढे गेली, तर हँडल मारताना ते उलटं फिरून मनगट मोडू शकतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 5 अंश हा आकडा 1940च्या दशकातल्या पेट्रोलसाठी होता, आजचं जास्त ऑक्टेनचं, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वेगळं. मान्य. 6.48 कॉम्प्रेशनचं हे इंजिन सहसा नॉकिंग करतही नाही. पॉइंट, चेन, वजनं तपासून झाल्यावर दोन अंश खुशाल पुढे घ्यावेत. चढावर टॉप गिअरमध्ये खडखड ऐकू आली, तर एक परत द्यावा.