हरफ आणि त्याची राखण

'चकार हरफ काढला नाही' हा वाक्प्रचार आम्हां बडोदेकर मराठी मंडळींच्या तोंडी अजून आहे. फारसीमार्गे आलेला हाच शब्द 'हार्फबझ' या संगणकप्रणालीच्या नावात भेटला, तेव्हा आम्हांस नवल वाटले. नावाचा अर्थ 'खुले अक्षर'. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सर्वांत अक्षरजुळणीचे काम तीच करते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. 'मिळकत' लिहिताना आपण आधी 'म' आणि मग वेलांटी टंकतो. दिसताना मात्र वेलांटी आधी यावी लागते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या घळी. 'र'च्या रूपात चूक झाली, तर समुद्राची दरी व्हायला वेळ लागत नाही. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फाहबोद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नियम लिहिले व सर्वांसाठी खुले ठेवले. ते कोणीही वाचावेत, बदलावेत, वाटावेत. एकाने चूक दाखवावी, दुसऱ्याने दुरुस्ती सुचवावी, तिसऱ्याने पारखावी. प्रत्येक बदलाची नावतारखेनिशी नोंद राहते.

परंतु खुले असणे म्हणजे आपोआप सुरक्षित असणे नव्हे. 'एक्सझेड' ही प्रणाली जगभरच्या यंत्रांत होती आणि तिची देखभाल मुख्यतः एकाच थकलेल्या माणसावर होती. कोणा अज्ञाताने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून विश्वास संपादला व तीत चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये तो उघडकीस आला, तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला म्हणून. दार सताड उघडे असले, तरी आत लक्ष घालणारा कोणी हवाच.

आम्हां परमुलखातील घराण्यांशी याचा निकटचा संबंध आहे. आमच्या दप्तरांत मोडी कागद आहेत. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. 'नोटो' मालिकेत तिचा मुक्त टंकही आहे. त्यातले एखादे जोडाक्षर बिघडले, तर ते ओळखणार कोण? परक्या अभियंत्यांना आमच्या आजोबांचे वळण ठाऊक नाही. ते जाणणारे आमच्यात फार थोडे उरले आहेत. कार्यक्रम लिहिता येत नसला, तरी चूक नमुन्यासह कळविता येते, आणि या व्यवहारात तेही योगदानच मानले जाते. मोडी वाचणारे वडीलधारे आहेत तोवर आमच्या घराघरांतून एवढे काम व्हावे.