कंसातली अम्मी

आम्ही कविता मराठीत लिहितो; पण अम्मीची हाक, सहरीची लगबग, दुआ हे घरचे शब्द तिच्यात येतातच. एखादे संपादक सुचवतात, 'अर्थ कंसात द्या.' कंस घातला की अम्मी आपल्याच घरात पाहुणी वाटू लागते.

कागद, कलम, दौत, शाई हे शब्दही अरबी-फारसीतूनच आले. वापरता वापरता ते मराठी झाले. त्यांना कुणी कंस घालत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' सतराव्या शतकात मराठीतच रचला. म्हणजे या भाषेत आपण काल आलेलो नाही.

म्हणून वर्गातल्या मुलांनाही आम्ही सांगतो, घरात जो शब्द बोलता, तोच वहीत लिहा. वाचणारा चार वेळा वाचेल, मग तो त्याचाही होईल.