मोजणी

मोजणे या क्रियेविषयी आपल्या लोकांच्या मनात पहिल्यापासून एक अढी आहे. जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत, दिलेले दान मोजून सांगू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली. आणि ‘मोजूनमापून वागणारा’ हे विशेषण आपण कोणाच्या स्तुतीसाठी योजतो असेही नाही. त्यातून विद्येचे मोजमाप म्हटले की सुशिक्षित मंडळींच्या कपाळाला हटकून आठी पडते. ज्ञान ही काय ज्वारी आहे, की पायलीने मोजून घ्यावी, असा प्रश्न आमच्याच व्यवसायबंधूंनी आम्हांस अनेकदा टाकला आहे. प्रश्न मोठा सुरेख आहे; परंतु तो विचारणाऱ्याच्या घरची मुले बहुधा उत्तम वाचू शकतात, हेही आम्हांस प्रत्येक वेळी आठवते. ज्याची कणगी भरलेली आहे त्याला मापाची गरज सहसा भासत नाही.

आमचे अध्यापनाचे आयुष्य बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील मुलांच्या सहवासात गेले. बारामतीस मोरोपंतांचे वास्तव्य घडल्यामुळे तिचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात आले. इंदापुरास असा कवी लाभला नाही. त्याचे नाव इतिहासात आले ते जमिनीच्या मोजणीमुळे. शाळेच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी वाचकांनी या जुन्या मोजणीची हकीकत थोडक्यात ऐकून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. कारण आकडा केव्हा खरा निघतो आणि केव्हा खोटा, हे त्या हकीकतीत जितके स्वच्छ दिसते तितके शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतही आम्हांस दिसलेले नाही.

पेशवाई बुडाल्यानंतर दहा-बारा वर्षांनी रॉबर्ट कीथ प्रिंगल या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात नवी मोजणी करून सारा ठरविला. गृहस्थ विद्वान होता आणि त्याची पद्धतही मोठी शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न किती, त्यातून लागवडीचा खर्च वजा जाता निव्वळ शिल्लक किती, हे काढावयाचे आणि त्या शिलकीचे शेकडा 55 सरकारात घ्यावयाचे. कागदावर यात खोट काढण्यास जागा नव्हती. परंतु आकडे गोळा करीत होते ते हाताखालचे लोक; त्यांच्यात लाचलुचपत माजली, आणि खरे उत्पन्न सांगण्यात शेतकऱ्याचाही काही लाभ नव्हता. अशा रीतीने तळाशी खोटा आणि माथ्यावर अत्यंत काटेकोर असा हिशेब तयार झाला. सारा डोईजड झाला, जमिनी पडीक पडू लागल्या, आणि इंदापुराकडील कित्येक कुळे गाव सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली.

तेव्हा 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासूनच काम पुन्हा आरंभिले. निव्वळ उत्पन्नाचा तो सूक्ष्म हिशेब त्यांनी सोडून दिला. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती लावल्या, मागील वसुलीचा अनुभव ध्यानात घेऊन दर उतरविले, आणि ठरलेला आकार तीस वर्षे बदलणार नाही असे जाहीर केले. शेत सुधारल्याबद्दल आता दंड पडणार नाही, हे लोकांस कळले. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या, आणि इंदापुरात घातलेला हा पायंडा पुढे मुंबई इलाख्यात पसरला. प्रिंगलपेक्षा हे दोघे अधिक बुद्धिमान होते असे नव्हे. त्यांनी प्रश्न थोडे ठेविले, ते बांधावर जाऊन तपासता येण्यासारखे ठेविले, आणि खरे सांगणाऱ्याचे नुकसान होऊ दिले नाही, एवढेच.

आता शाळेकडे येऊ. 2011 सालच्या ऑक्टोबर महिन्यात, 3 ते 5 या तारखांस, महाराष्ट्रातील शाळांची पटपडताळणी एकदम झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारांप्रमाणे मुलांच्या बोटांस शाई लावण्यात आली. तरीही पटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले लाखांच्या संख्येने निघाली. शिक्षकांची पदे आणि शाळांचे अनुदान ही दोन्ही पटसंख्येवर अवलंबून होती. तेव्हा पट फुगला यात नवल ते काय? जो आकडा लिहिल्याने लिहिणाऱ्याचे पोट भरते किंवा उपाशी राहते, तो आकडा मुलांविषयी काही सांगत नाही. तो लिहिणाऱ्याच्या अडचणीविषयी सांगतो. प्रिंगलसाहेबाच्या कागदांचेही नेमके हेच झाले होते.

याच्या उलट जातीची एक मोजणी 2005 सालापासून देशाच्या खेड्यापाड्यांत चालू आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या त्या पाहणीचे नाव ‘असर’. पाहणी करणारे लोक शाळेत जाऊन दप्तरे तपाशीत नाहीत. ते मुलाच्या घरी जातात आणि त्याच्यापुढे एक कागद ठेवतात. कागदावर काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा एक उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट असते. मूल जेथवर नीट वाचते ती त्याची पायरी. गणितात अंकांची ओळख, हातच्याची वजाबाकी आणि साधा भागाकार. यात कोणाची बढती नाही की बदली नाही. या पाहणीप्रमाणे 2018 साली ग्रामीण भारतातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे 27 मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती. करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्यानंतर 2022 साली ही संख्या विसाच्या आसपास उतरली, आणि 2024 साली ती पुन्हा 27 पर्यंत आली. गेलेले परत मिळाले, याचा आनंद मानावा हे खरे. पण शंभरांतील उरलेल्या 73 मुलांच्या घरी या आनंदाची वार्ता कोणत्या तोंडाने न्यावी?

आमच्या काही विद्यार्थ्यांबरोबर आम्ही एकदा अशाच एका कागदानिशी इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो. पाचवीतील एका मुलापुढे आम्ही गोष्ट ठेविली. त्याने कागदाकडे एकवार पाहिले, हाताची घडी घातली, डोळे मिटले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकातील एक धडा आरंभापासून धडाधड म्हणावयास सुरुवात केली. शेजारी बसलेल्या आजीबाईंच्या चेहऱ्यावर कौतुक मावेना. त्या म्हणाल्या, “बघा की गुरुजी, आमचं पोरगं पुस्तकाकडं न बघता वाचतंय!” आमचे विद्यार्थी हसले, आम्हांस मात्र हसू आले नाही. त्या मुलाच्या प्रगतिपत्रकावर चांगली श्रेणी होती, आणि ती देणाऱ्याने कदाचित खोटेपणाही केला नसेल. मुलाने धडा म्हणून दाखविला होताच. पाच वर्षांत त्याच्यापुढे न पाहिलेला असा एक कागद कोणी ठेविला नव्हता, इतकेच.

अशी मोजणी करून पुढे काय, असा प्रश्न कोणी करील. मूल कोठे अडले हे कळल्याने ते चालू लागत नाही. याचे एक उत्तर मुंबईतच मिळाले आहे. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि बडोदे या शहरांत वस्तीतीलच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमण्यात आले. वर्गात मागे पडलेली मुले निवडावयाची आणि बालसखीने रोज सुमारे दोन तास त्यांना त्यांच्याच पायरीपासून शिकवावयाचे, अशी योजना होती. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेस बालसखी द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविल्यामुळे, जेथे ती होती आणि जेथे नव्हती अशा मुलांची न्याय्य तुलना करता आली. आणि बालसखीकडे शिकलेली मुले निःसंशय पुढे गेलेली आढळली. या अभ्यासात असलेले अभिजित विनायक बॅनर्जी आणि एस्तेर द्युफ्लो यांना पुढे 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जींच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, म्हणून मराठी वाचकांनी थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाही. परंतु अभिमानाचा खरा विषय त्या मुली होत. इयत्तेचा अभ्यासक्रम पुढे रेटण्याऐवजी मूल जेथे उभे आहे तेथे जाऊन शिकविणे, हा त्यांच्या कामाचा सगळा सारांश.

याच न्यायाने काम करणाऱ्या एक शिक्षिका आमच्या माहितीच्या आहेत. आडवळणाच्या एका शाळेत त्या शिकवितात. कपाटात वरच्या कार्यालयास पाठवावयाच्या माहितीच्या जाडजूड फायली. आणि टेबलाच्या खणात दोनशे पानी एक वही. वहीत प्रत्येक मुलाचे नाव, आणि नावापुढे ते कोठे अडले आहे त्याची नोंद: एकास जोडाक्षर जड जाते, दुसरीस वेलांटी दिसत नाही, तिसऱ्यास हातचा कोठून आला ते उमगत नाही. दर शनिवारी त्या नोंदी बदलतात आणि सोमवारी मुलांचे गट बदलतात. सगळे पेन्सिलीने लिहिलेले पाहून आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, “पुसायचं असतं ना, सर. शाईनं लिहिलं की मूल तिथंच राहतं.”

एका वर्षी त्यांनी या वहीतील खरे आकडे जसेच्या तसे वर कळविले. शेजारच्या शाळांचे आकडे साहजिकच याहून देखणे होते. परिणामी बाईंनाच खुलासा द्यावा लागला. पुढील वर्षी त्यांनी काय कळविले ते आम्ही विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही. मात्र खणातील वही चालूच राहिली. शासनाने 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढून पायाभूत चाचण्या आणल्या, आणि 2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचता व गणित करता यावे असा संकल्प सोडला. दोन्ही हेतू उत्तम आहेत. परंतु चाचणीचा आकडा बाईंच्या खणात राहील की फायलीत, यावर त्यांचे यश अवलंबून आहे.

त्या वहीच्या अखेरच्या पानांवर आणखी काही नावे होती, आणि ती पटावर नव्हती. दिवाळी सरते तसे बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या या भागातील साखर कारखान्यांच्या फडांवर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. शाळांच्या सरकारी माहितीसाठी वर्षानुवर्षे 30 सप्टेंबर हा दिवस धरला जात असे. त्या दिवशी हे मूल आपल्या गावच्या शाळेत मोजले जाई. महिन्याभराने ते आईबापांबरोबर इकडच्या कोपीत असे. तिकडच्या पटावर ते हजर, इकडच्या पटावर ते जन्मलेलेच नाही! टोळीचा हिशेब तर कोयत्यावर चालतो. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मूल हे कोयत्याचा कोणताच अंश नव्हे. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावी हंगामी वसतिगृहे निघाली, शिक्षण हमी पत्रकेही निघाली. या उपायांचा आरंभ कोणीतरी हे मूल मोजले तेव्हाच झाला. मोजणीस हृदय नसते असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वहीचे शेवटचे पान पाहावे.

इंदापूरच्या हकीकतीचा उत्तरार्ध मात्र सांगावयाचा राहिला. तीस वर्षांची मुदत संपताच फेरआकारणी झाली आणि सारा बराच वाढला. आकडे या वेळी प्रिंगलच्या आकड्यांहून खरे असतील. पण ते शेतकऱ्याकडून घेण्यासाठी होते, त्याला काही देण्यासाठी नव्हते. पुढे 12 मे 1875 रोजी, तेव्हा भीमथडीत मोडणाऱ्या आणि आता बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी, शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांच्या वह्या व कर्जरोखे त्यांनी जाळून टाकले. त्या दंग्यास कर्ज, कापसाचे पडलेले भाव, सारावाढ अशी अनेक कारणे दाखविण्यात आली. पण ज्या कागदावर आपला अंगठा आहे आणि जो आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाविषयीचा संताप त्या आगीत होता, यात आम्हांस संशय नाही. नुसता खरा आकडा पुरत नाही. तो ज्याच्याविषयी आहे त्याच्याकडे त्याने परत आले पाहिजे.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. शिक्षकाने मोजावे, ते प्रथम स्वतःसाठी मोजावे, आणि त्याने लिहिलेला कमी आकडा हा त्याचा गुन्हा समजला जाऊ नये. वरिष्ठांना राज्याचे चित्र हवे असेल, तर ते त्यांनी थोड्या गावांतून, तिऱ्हाइतांकडून काढून घ्यावे. सर्व शिक्षकांना कारकून करून नव्हे. जमिनीची मोजणी चुकली तर ती काही वर्षांनी पुन्हा करता येते, आणि इंदापुरात ती झालीही. तिसरीतील मूल पुढच्या जूनमध्ये चौथीत गेलेले असते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची मुले या शाळांत जात नाहीत, हे आम्ही जाणून आहो. तथापि आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईंचे मूल बहुधा तेथेच जाते. येत्या रविवारी त्याला जवळ बसवावे, त्याने पूर्वी न पाहिलेल्या चार ओळी त्याच्यापुढे ठेवाव्या, आणि ते कोठे अडते ते रागावल्यावाचून ऐकावे. मग पेन्सिल घेऊन तेवढेच टिपून ठेवावे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसावे.