आईसाठी घेतलेले घर

ग्रेसलँडचे दार ओलांडून आत गेले की समोर जिना दिसतो. त्या जिन्याने वर जाता येत नाही. १९८२ च्या जून महिन्यात हे घर लोकांना पाहण्यासाठी खुले झाले, तेव्हापासून वरचा मजला बंद आहे. एल्विस प्रेस्लीची निजायची खोली वर आहे, आणि १६ ऑगस्ट १९७७ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला तोही त्याच मजल्यावर. आलेली मंडळी जिन्याकडे क्षणभर मान वर करून पाहतात आणि पुढे सरकतात. आम्ही मात्र अडलो ते तळमजल्यावरच्या एका खोलीपाशी. ती त्याच्या आईवडिलांची खोली. तिच्या दाराशी आम्ही इतका वेळ उभे राहिलो की मागच्या माणसाला आमच्या खांद्याला हलकेच हात लावावा लागला.

वास्तविक आम्ही एल्विसचे भक्त नव्हेत. ज्या वयात एखाद्या गायकाच्या मागे वेडे व्हावे, त्या वयात आमच्या घरी रेडिओवर नाट्यगीते लागत असत. एल्विस आम्हांला भेटला तो चित्रपटांतून, आणि तेही त्याने स्वतः केलेल्या चित्रपटांतून नव्हे, तर त्याच्या मागे इतरांनी त्याच्यावर आणि त्याच्या घरावर केलेल्या चित्रपटांतून. एका माणसाच्या घराने इतक्या दिग्दर्शकांना का झपाटावे, हे कोडे आम्हांला कित्येक वर्षे सुटले नव्हते. त्या खोलीच्या दाराशी ते थोडेसे उलगडले असे वाटते, म्हणून हे लिहिणे.

हकिगत सर्वश्रुत आहे. ८ जानेवारी १९३५ रोजी मिसिसिपी राज्यातील टुपेलो गावी, दोन खोल्यांच्या लाकडी घरात एल्विस जन्मला. ते घर बापाने १८० डॉलर उसने घेऊन उभारले होते, आणि कर्ज न फिटल्यामुळे पुढे ते गेलेही. १९४८ मध्ये कुटुंब मेम्फिसला आले आणि काही काळ सरकारी वसाहतीतील भाड्याच्या घरात राहिले. कीर्ती आली तेव्हा मुलाने १९५६ साली एक चांगले घर घेतले. पण तिथे रात्रंदिवस चाहत्यांची झुंबड उडू लागली आणि शेजारी कातावले. मग गावाबाहेर, मोठे आवार आणि फाटक असलेले घर शोधणे भाग पडले. १९५७ च्या मार्चमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने १,०२,५०० डॉलरना ग्रेसलँड घेतले. हे नावसुद्धा त्याचे नव्हे. आधीच्या मालकांच्या ग्रेस नावाच्या एका आप्त स्त्रीवरून ते पडले होते.

आई ग्लॅडिस या घरात आली आणि तिने आवारात कोंबड्या पाळल्या. १४ ऑगस्ट १९५८ रोजी ती गेली. घर घेऊन दीड वर्षही झाले नव्हते आणि मुलगा तेव्हा सैन्यात होता. पुढची एकोणीस वर्षे तो त्या घरात आईवाचून राहिला.

हे ध्यानात ठेवून चित्रपट पुन्हा पाहिले की त्यांची संगती वेगळी लागते. जिम जार्मुशच्या 'मिस्टरी ट्रेन' (१९८९) या चित्रपटात योकोहामाहून आलेले एक तरुण जपानी जोडपे मेम्फिसमध्ये उतरते. मुलीला एल्विसचे वेड, मुलाला कार्ल पर्किन्सचा अभिमान. ती दोघे एका जुनाट हॉटेलात राहतात. तिथल्या प्रत्येक खोलीत एल्विसची तसबीर टांगलेली आहे. पण सबंध चित्रपटात ग्रेसलँड एकदाही दिसत नाही. दुसऱ्या कथेत, नवऱ्याच्या मृत्यूनंतर या गावात अडकलेल्या लुईझा नावाच्या इटालियन स्त्रीला एक अनोळखी मनुष्य गोष्ट सांगतो: रस्त्यात गाडीत घेतलेला प्रवासी ग्रेसलँडला सोडा म्हणाला आणि तो एल्विसचे भूत निघाला. गोष्ट सांगून तो तिच्याकडून पैसे उकळतो. रात्री मात्र ते भूत खरोखरच लुईझाच्या खोलीत उभे राहते. गोंधळलेले, संकोचलेले, आपण इथे कसे आलो हे न कळलेले. घर काही मैलांवर असताना वाट चुकलेले हे भूत आम्हांला या साऱ्या चित्रपटांतील सर्वांत खरे पात्र वाटते.

डेव्हिड विंकलरच्या 'फाइंडिंग ग्रेसलँड' (१९९८) मध्ये हार्वी कायटेलने रंगवलेला एक फिरस्ता आपण एल्विसच आहोत असे सांगत मेम्फिसची वाट धरतो. त्याला गाडीत घेणारा तरुण पत्नीच्या मृत्यूने खचलेला आहे. तो फिरस्ताही आपली माणसे गमावून बसलेला आहे, हे पुढे उघड होते. चित्रपट मधूनमधून भाबडा होतो, परंतु दोन शोकाकुल माणसांना जाण्यासाठी एखादे ठिकाण लागते, मग ते दुसऱ्याचे घर का असेना, हे त्याने अचूक हेरले आहे.

त्याहून भाबडा 'हार्टब्रेक हॉटेल' (१९८८). त्याचा दिग्दर्शक ख्रिस कोलंबस. १९७२ साली ओहायोतील एक शाळकरी मुलगा आपल्या दुःखी आईला आनंद व्हावा म्हणून चक्क एल्विसला पळवून आणतो. या महापुरुषाला जाळ्यात ओढायचे कसे? तर त्याच्या दिवंगत आईसारखी दिसणारी एक बाई पुढे करून! प्रथम पाहताना आम्ही या कल्पनेला मनसोक्त हसलो होतो. आता हसू येत नाही. एका मुलाला आपल्या आईचे सुख हवे आहे, म्हणून तो दुसऱ्या मुलाची आईसाठीची ओढ वापरतो. चित्रपट म्हणून तो सामान्यच, पण हा धागा त्याला सापडला, हे मान्य केले पाहिजे. डॉन कॉस्करेलीच्या 'बुब्बा हो-टेप' (२००२) मधला एल्विस तर टेक्सासमधील वृद्धाश्रमात पडलेला आहे. एका नकलाकाराशी त्याने आयुष्याची अदलाबदल केली आणि परतीची वाट बुजली. तिथे एका इजिप्शियन ममीशी त्याची लढाई होते. हा सारा थिल्लरपणा चालू असताना, मुलीच्या आठवणीने झुरणारा म्हातारा मनात घर करून राहतो.

अलीकडच्या दोन मोठ्या चित्रपटांनी मात्र घर प्रत्यक्ष उभे केले. बॅझ लुहरमनने 'एल्विस' (२०२२) साठी ते ऑस्ट्रेलियात उभारले, सोफिया कोपोलाने 'प्रिसिला' (२०२३) साठी कॅनडात. लुहरमनच्या चित्रपटात आईच्या मृत्यूनंतर उन्मळून पडलेला मुलगा आहे, आणि त्याच क्षणी त्याचा ताबा घेणारा व्यवस्थापक आहे. कोपोलाच्या चित्रपटाला एल्विसची गाणी वापरण्याची अनुमती मिळाली नाही. आमच्या मते त्याने त्याचे भलेच झाले. गाणी नसल्यामुळे घराची शांतता ऐकू येते. जाड गालिचे, ओढलेले पडदे, आणि दौऱ्यावर गेलेल्या पुरुषाची वाट पाहणारी एक मुलगी. आवारात कुत्र्याच्या पिल्लाशी खेळावे म्हटले तरी फाटकाबाहेरच्या नजरांचा विचार करावा लागतो. शेवटी ती गाडीत बसून त्या फाटकातून बाहेर पडते आणि चित्रपट संपतो.

हा चित्रपट पाहताना आम्हांला सारखी ग्लॅडिस आठवत होती. प्रिसिला निदान गाडी काढून निघून गेली. कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या त्या बाईच्या नजरेतून हे घर दाखवणारा चित्रपट आमच्या पाहण्यात नाही.

इथे थोडे घरचे सांगणे प्राप्त आहे. आमच्या आईचा जन्म वाड्यात गेला. साताऱ्याच्या त्या वाड्यात परसदारी सांडपाण्यावर अळू माजलेले असे, आणि दिवसभर दार नुसते लोटलेले असे. २००३ साली आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर सदनिका घेतली आणि जो भेटेल त्याला सांगितले की आईसाठी घेतली. पाण्याची ददात नव्हती, जिने चढायला नकोत म्हणून लिफ्ट होती, तिची स्वतंत्र खोली होती. आठवडाभराने ती म्हणाली, "घर छान आहे रे, पण इथं हाक कुणाला मारायची?" आम्ही ते हसण्यावारी नेले. काही दिवसांनी तिने एका फुटक्या बादलीत अळूचा कांदा लावला आणि तांदूळ धुतलेले पाणी ती त्याला घालू लागली. दार लोटून ठेवायची तिची सवय आम्हीच मोडली. चोऱ्यामाऱ्या होतात, असे तिला सांगितले. दोन वर्षांनी ती गेली. त्यानंतरही आम्ही लोकांना सांगत राहिलो, हे घर आईसाठी घेतले.

ते खोटे नव्हते. पण त्या घरात तिला काय हवे होते, हे आम्ही तिला विचारले नव्हते, हेही खरे. एल्विसने विचारले होते की नाही, हे ठरवण्याचा आम्हांला अधिकार नाही. मात्र आईच्या नावाने घर घेणारा मुलगा त्या घरात स्वतःचेही काहीतरी फेडत असतो, आणि ती गेल्यावर ते फेडणे अर्धवट राहते, एवढे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. ग्रेसलँडवरच्या चित्रपटांतली माणसे त्या घरी पोहोचण्यासाठी इतकी का धडपडतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते का सापडत नाही, याचे कारण आमच्यापुरते आम्ही यात शोधले आहे.

घरामागच्या बागेत मायलेकरांच्या समाध्या आहेत. एल्विसचे दफन प्रथम गावातल्या दफनभूमीत झाले होते. तिथून देह पळवण्याचा प्रयत्न झाल्यावर, १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये, दोघांनाही घरी आणण्यात आले. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे फुलांचा खच होता. बहुतेक फुले मुलाच्या समाधीवर. आम्ही काही नेले नव्हते. थोडा वेळ आईच्या बाजूला उभे राहिलो आणि रांगेबरोबर बाहेर पडलो.

परतल्यावर 'मिस्टरी ट्रेन' पुन्हा लावला. भूत खोलीत येते तो प्रसंग आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उठून आम्ही दाराची कडी काढली आणि दार नुसते लोटून ठेवले. चित्रपट संपेपर्यंत ते तसेच होते.