मोबाईलमधल्या कॅप्टनताईस

दौंड, जि. पुणे

प्रिय कॅप्टनताई,

पत्रास कारण की, तुझ्या प्रेमाची मला काळजी लागली आहे.

गेम बदलले, तुझी नावं बदलली, पण दौंड-पुणे शटलच्या गर्दीत उभ्याने मी तुझ्याच लढाया खेळत आले. (बॅटरी संपत आली की जीव तुझ्यात अडकायचा.) बाईच्या हाती बंदूक शोभते का, असं तुझ्या तुकडीत कुणी विचारलं नाही. त्याबद्दल तुझे उपकार मानते.

पण प्रेमाची गोष्ट सुरू झाली की तुझं काय होतं गं? कालपर्यंत हुकूम देणारी तू वाक्यागणिक लाजतेस. ज्या लढाईत सोबती गेले, ती तुला आठवतही नाही. २०१६ साली चीनमध्ये आलेल्या ‘गर्ल्स फ्रंटलाइन’ या गेममध्ये तर स्नेहाचा आकडा १००वर गेला की खेळणारा अंगठी देतो, आणि नाही म्हणायची सोय तुला नसते. हे मला लागतं.

वर्दीत राहून प्रेम करण्याची किंमत खऱ्या बायकांनी मोजली आहे. लष्करी परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी बाईंना लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ६० लाख रुपयांची भरपाई मिळवून दिली, ती २०२४ मध्ये.

आमच्या शिरूर-दौंडच्या पोरी पहाटे पोलीस भरतीचं ग्राउंड करतात: १०० मीटर, ८०० मीटर, ४ किलोचा गोळा. स्थळ आलं की पाहुणे आधी रात्रीच्या ड्युटीचं विचारतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांनाही कुणीतरी हे विचारणारच.

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत. बंदोबस्तावरून आलेल्या माणसाला बूट काढून होईपर्यंत काही विचारू नये, हे इथल्या बायकांना कळतं. तुझ्यावर प्रेम करणाऱ्यालाही तेवढं कळावं. तू रात्री दचकून उठलीस तर त्याने दिवा लावावा, कारण विचारू नये.

तेव्हा प्रेमात खुशाल पड, ताई. फक्त तुझी गोष्ट लिहिणाऱ्यांना माझा निरोप दे. ‘इंडस’ हा गेम काढणारी सुपरगेमिंग कंपनी पुण्याचीच आहे; तिथल्यांना म्हणावं, एकदा भरतीच्या मैदानावर या, या पोरींशी बोला. आणि पुढच्या गेममध्ये अंगठी नाकारायचं बटण तुझ्याही हातात द्या.

तुझी,
दौंडची जुनी खेळाडू