चोवीस बाटल्या

2025 च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्याला ‘जीबीएस’ या नसांच्या आजाराचं नाव भाजीवाल्याच्याही तोंडी झालं होतं. त्यातच धाकट्या भावाला जुलाब झाले. ते थांबले, तशा पायांना मुंग्या आल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याला जिना चढवेना.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे हिशेब मांडला. वजन 60 किलो, किलोमागे 2 ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, 5 ग्रॅमची एक बाटली; म्हणजे 5 दिवसांत 24 बाटल्या. एकेक बाटली वीस हजारांच्या घरात. आईनं काही न विचारता पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

मेडिकलवाल्यानं थर्माकोलचं खोकं हातात दिलं. “हलवू नका, फेस येतो.” रिक्षात ते मांडीवर धरून बसलो आणि लेबल वाचलं. औषध माणसाच्या प्लाझ्माचं होतं.

मी वर्षातून दोनदा रक्त देतो. त्यातलं पिवळं पाणी पुढे कुठं जातं, हे कधी मनातही आलं नव्हतं. त्या रात्री रक्तपेढीतल्या ओळखीच्या ताईंना फोन केला. लाल पेशी रुग्णांना जातात. प्लाझ्मा गोठवतात, आणि जो उरतो तो औषध कंपन्या नेतात. सरकारनं त्याचा दर ठरवला होता लिटरला 1600 रुपये. कारखान्यात हजारो जणांचा प्लाझ्मा एकत्र ओततात आणि थंड अल्कोहोलनं एकेक प्रथिन वेगळं काढतात. ही रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी बसवली. त्यातूनच अल्ब्युमिन निघतं, हिमोफिलियाच्या मुलांचं फॅक्टर आठही. इम्युनोग्लोब्युलिन मात्र लिटरमागे जेमतेम 4-5 ग्रॅम.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी गणित केलं. एका दात्याचा प्लाझ्मा साधारण 200 मिली. धाकट्याच्या अंगात सव्वाशे-दीडशे माणसांचं देणं चाललं होतं.

आधी रागच आला. आम्ही चहा-बिस्किटावर दिलेलं आम्हालाच वीस हजारांना? आपल्याकडे रक्त विकायला 1998 पासून बंदी; अमेरिकेत प्लाझ्मा देणाऱ्याला पैसे मिळतात, आठवड्यातून दोनदा बसताही येतं. मग वाटलं, विषाणू मारायचे, तपासण्या करायच्या, महिनोन्महिने थंडाव्यात सांभाळायचं, हे फुकट कोण करील? एका लिटरातून औषधंही चार निघतात. पटलं. तरी 1600 चा आकडा काही डोक्यातून गेला नाही.

नवव्या दिवशी धाकट्यानं पायाचा अंगठा हलवला.

शिवजयंतीच्या शिबिरात त्याच ताई होत्या. मी भरत्या पिशवीकडे टक लावून बघत होतो.

“काय शोधताय?”

“पिवळं दिसतंय का बघतोय.”

“आत्ता नाही दिसायचं,” त्या म्हणाल्या, “मशीनवर फिरवल्यावर वर येतं.”