बाळाच्या लिव्हरचा कॅन्सर : दोष कुणाचा?

लहान मुलाच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे असं कळलं की आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "आमच्याच बाळाला का?" मग घरात शोध सुरू होतो. गरोदरपणी काय खाल्लं, कुणाच्या घराण्यात काय होतं. कडावसारख्या गावात प्रॅक्टिस करताना हा रोख बहुतेक वेळा आईकडे वळलेला मी पाहतो. म्हणून हा लेख.

तीन वर्षांखालच्या मुलांत दिसणाऱ्या लिव्हरच्या कॅन्सरला बहुतेक वेळा हेपॅटोब्लास्टोमा म्हणतात. तो दुर्मिळ आहे. गाठीच्या पेशींत बीटा-कॅटेनिनच्या जनुकात अनेकदा बदल सापडतो, पण तो सहसा त्या पेशींतच झालेला असतो, आई-वडिलांकडून आलेला नसतो. मोजक्या मुलांत मात्र आनुवंशिक कारण असतं. उदाहरणार्थ, घराण्यात आतड्यात असंख्य पॉलिप्स होण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांतही धोका वाढतो. बाकी बहुतेकांत कारण सापडत नाही.

मग कारणं शोधायची कशाला? पुण्याचं उदाहरण बघा. हा कॅन्सर नव्हे, लहान मुलांचा सिरॉसिस. एकाच घरातली भावंडं दगावायची, म्हणून तो आनुवंशिक वाटे. १९८०च्या दशकात केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घरातली भांडी तपासली. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या, ठेवलेल्या दुधातून तांबं बाळाच्या पोटात जात होतं. भांडी बदलली आणि आजार जवळपास दिसेनासा झाला. शोधातून उपाय निघाला तो असा.

कॅन्सरमध्येही असा एक उपाय हाती आहे. मोठ्या मुलांतला लिव्हरचा दुसरा कॅन्सर हेपॅटायटिस बी विषाणूमुळे होऊ शकतो. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि तिथे मुलांमधला हा कॅन्सर कमी झाला. आपल्याकडे ही लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत द्या, पुढचे चुकवू नका.

बाळाचं पोट एका बाजूला फुगलं, हाताला गाठ लागली, भूक किंवा वजन घटलं, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी करून घ्या. ऑपरेशन आणि केमोथेरपीने यातली बरीच मुलं बरी होतात. कारण शोधणं संशोधकांवर सोडा. घरात दोष शोधत बसू नका, बाळाच्या आईला तर मुळीच देऊ नका.